आधी काय मोडावे

ऑफ-रोड बग्गीच्या सस्पेन्शनकडे तीन कामे असतात. चाक जमिनीला धरून ठेवायचे, हे पहिले. जमिनीचा हिसका सांगाड्यापर्यंत आणि चालकाच्या मणक्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे दुसरे. ही दोन्ही कामे पाठ्यपुस्तकांत दिलेली असतात आणि ती एकमेकांच्या आड येतात, हेही तिथे लिहिलेले असते. तिसरे काम मात्र वर्कशॉपमध्येच शिकायला मिळते: ताण हाताबाहेर गेला की कोणता भाग आधी मोडेल, हे गाडी उभी राहण्यापूर्वीच ठरवून ठेवणे. डांबरी रस्त्यावरच्या मोटारीला या तिसऱ्या कामाची फारशी गरज पडत नाही. तिच्या दृष्टीने खड्डा हा अपवाद असतो (या विधानावर सातारा-सांगलीच्या वाचकाने हसायला हरकत नाही). बग्गीच्या ट्रॅकवर सपाट जमीन हाच अपवाद. उडी, दगडांची रांग, आडवे ओंडके, चिखल, कलती चढण असे एकामागोमाग येत राहते आणि काही ना काही मोडणारच असते.

ही विद्या सर्वांत बारकाईने पाळली जाते ती खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांत. रिमोटवर पळणाऱ्या स्पर्धेच्या बग्ग्या मुख्यतः १:१० आणि १:८ या मापांत बनतात. पहिलीचे वजन दीड किलोच्या आसपास, दुसरीचे साडेतीनच्या. जपानच्या तामिया कंपनीची ‘रफ रायडर’ १९७९ मध्ये आली, अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडची ‘आरसी-१०’ १९८४ मध्ये. तेल भरलेले शॉकअप आणि स्वतंत्रपणे हलणारे हात (चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे) यांमुळे दुसरी गाडी खेळण्यापेक्षा शर्यतीच्या मोटारीच्या जवळची होती. अशा गाडीत पुढच्या हाताचा कोन बदलायचा तर एक प्लास्टिकचा ठोकळा काढून दुसरा बसवायचा. एका संध्याकाळी आठ-दहा जुळण्या पारखून होतात. माणूस बसवून पळणाऱ्या बग्गीत तोच कोन बदलायला सांगाड्यावरचे टॅब कापून पुन्हा वेल्ड करावे लागतात, आणि त्यात दोन दिवस जातात. म्हणून छोट्या गाडीवरून मोठीने शिकावे हे खरे, पण नक्कल करू नये. माप दहापट वाढले की वजन हजारपट वाढते, आणि वजन पेलणाऱ्या नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच. स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उंचावरून पडून छोटी बग्गी काही न झाल्यासारखी पळत राहते, ते याच हिशोबामुळे. मोठीला तशी मुभा नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात या कामाला हात बसतो तो मोठ्या बग्गीवर, म्हणजे ‘बाहा’च्या गाडीवर. ही विद्यार्थ्यांची स्पर्धा १९७६ मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. एसएई इंडिया या अभियंत्यांच्या संस्थेने ती २००७ पासून भारतात भरवायला सुरुवात केली, मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला. अभियांत्रिकीच्या मुलांनी एका माणसाची बग्गी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि शेवटी सलग चार तासांच्या शर्यतीत पळवायची. या पट्ट्यात अभियांत्रिकी शिक्षण जुने आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरचे राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ चे. त्यांच्या आसपास सांगली-मिरज-कुपवाडच्या, कराडच्या, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि पलीकडे कोल्हापूरचे फौंड्रीवाले.

स्पर्धेच्या नियमांत एक खोच आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना एकच, ठरवून दिलेले इंजिन; अनेक वर्षे ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे एका सिलिंडरचे, ३०५ सीसीचे, सुमारे १० अश्वशक्तीचे होते. त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या कमाल फेऱ्या गव्हर्नरने बांधलेल्या. रुंदी ६४ इंचांच्या आत हवी. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याची मुख्य नळी कोणत्या पोलादाची, किती जाडीची, हेही ठरलेले: २५.४ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची, किंवा वाकण्याला तितकाच विरोध करणारी दुसरी. बहुतेक संघ ४१३० जातीचे क्रोमोली पोलाद घेतात. जास्त व्यासाची आणि पातळ भिंतीची नळी वापरून वजन वाचवतात. ताकद अशी सगळ्यांना सारखी वाटून दिल्यावर कुरघोडी करायला उरतात तीन गोष्टी: वजन, गिअर आणि सस्पेन्शन. पहिल्या दोन्हींत मिळणारा फायदा थोडक्यात संपतो. तिसरीला तळ नाही.

पुढच्या चाकाला बहुधा दोन हात असतात, एक वर आणि एक खाली. प्रत्येक हात इंग्रजी ए अक्षरासारखा, दोन पाय सांगाड्याला आणि टोक चाकाच्या नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या भागाला, जोडलेले. वरचा हात खालच्यापेक्षा आखूड ठेवतात, म्हणजे चाक वर उठताना त्याचा माथा किंचित आत झुकतो आणि वळणावर गाडी बाहेर कलली तरी टायर जमिनीशी बराचसा सरळ राहतो. या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. विद्यार्थ्यांच्या डिझाइन अहवालांत कॅम्बरच्या आलेखांना जितकी पाने मिळतात, तितकी त्याची लायकी नाही. डांबरावरच्या रुंद, सपाट टायरला अर्ध्या अंशाचा फरक कळतो. मुरमावर लोळणाऱ्या, गोल खांद्याच्या, कमी हवेच्या टायरला तो फारसा कळत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचा असतो खालच्या हाताच्या बिजागरीचा कल. बाजूने पाहिले तर ही बिजागरी जमिनीला समांतर नसावी, तिचे पुढचे टोक वर उचललेले असावे. अशा गाडीचे चाक दगडावर आदळले की वर जाता जाता थोडे मागेही सरते. धक्क्याची दिशा आणि चाकाची वाट जुळली की हिसका निम्माच राहिल्यासारखा वाटतो. बैलगाडीचे चाक धोंड्यावर चढताना जूही मागे खेचले जाते, तो अनुभव या प्रदेशात कुणाला समजावून सांगायला नको. दोनच चाकांना ओढ असलेल्या रिमोटच्या बग्ग्यांत हा कल २५ ते ३० अंशांपर्यंत नेतात. मोठ्या बग्गीत इतका परवडत नाही, कारण याच कलामुळे ब्रेक मारताना गाडीचे नाक अधिक खाली बसते. दगडांचा ट्रॅक असेल तर कल वाढवावा, उतार आणि तीव्र वळणे असतील तर कमी ठेवावा. दोन्ही हवे असेल तर मिळत नाही.

वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटरही हातांच्या कोनांवरून ठरतो. तो उंच नेला तर कलणे कमी होते, पण बाहेरचे चाक सांगाड्याला वर उचलू लागते आणि चालकाला गाडी पालथी होईलसे वाटते. बहुतेक संघ तो जमिनीपासून थोडा वर ठेवतात आणि उरलेले कलणे मागच्या अँटी-रोल बारवर सोपवतात. याविषयी यापेक्षा जास्त बोलून काही हाती लागत नाही.

पुढच्या भागातला खरा छळ म्हणजे बंप स्टिअर. चाक वरखाली होताना हातांचे टोक एका कमानीत फिरते आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचे टोक दुसऱ्या. दोन कमानी जुळल्या नाहीत तर चालकाने चक्र सरळ धरलेले असतानाही चाक आपणहून वळते. खडबडीत रस्त्यावर अशी गाडी शेपूट हलवणाऱ्या मांजरासारखी चालते. उपाय भूमितीचा आहे. टाय रॉडची आतली बिजागरी दोन्ही हातांच्या आतल्या बिजागऱ्या जोडणाऱ्या रेषेवर यावी, बाहेरची बिजागरी बाहेरच्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यावी, आणि दोन्ही हात मनातल्या मनात वाढवले तर जिथे मिळतात तिकडेच टाय रॉडचेही तोंड असावे. संगणकावर हे तासाभरात जमते. वेल्डिंग झाल्यावर मात्र एखादा टॅब दोन सूत सरकलेला निघतो आणि सगळी जुळणी बिघडते.

तपासायची रीत साधी आहे. शॉकअप काढून ठेवायचा, म्हणजे चाक हाताने वरखाली करता येते. चाकाच्या जागी हबवर एक सपाट फळी बोल्टने आवळायची आणि तिच्या दोन्ही टोकांपासून समोरच्या ताणलेल्या दोरीपर्यंतचे अंतर मोजायचे. मग जॅकने २०-२० मिलिमीटर वर नेत प्रत्येक पायरीला दोन्ही अंतरे वहीत मांडायची. दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर आहे की नाही, हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहतात. फरक वाढत गेला तर टाय रॉडची आतली बिजागरी वॉशर घालून वर किंवा खाली करायची. वॉशरचा हा थर दिसायला ओंगळ असतो आणि परीक्षकांना दाखवायला लाज वाटते, पण दीड मिलिमीटरच्या एका वॉशरने जे साधते ते अख्खा सांगाडा पुन्हा बांधून साधत नाही.

स्प्रिंग निवडताना अंदाजाला जागा नसते, आकडेमोड करावी लागते. गाडी आणि चालक मिळून २४० किलो धरले आणि त्याचा ४० टक्के भार पुढे आला, तर पुढच्या एका चाकावर ४८ किलो येतात. त्यातून चाक, हब, नकल यांचे आठेक किलो वजा केले की स्प्रिंगवर बसलेला भार ४० किलोचा. बग्गीचे पुढचे टोक सेकंदाला दीड वेळा वरखाली व्हावे असे ठरवले, तर चाकापाशी दर मिलिमीटरला साधारण ३.५ न्यूटन इतका कडकपणा लागतो. पण शॉकअप चाकापाशी नसतो, तो खालच्या हाताच्या मध्यावर कुठे तरी बसतो. चाक १० मिलिमीटर हलले की शॉकअप ६ मिलिमीटर हलतो असे असेल, तर कडकपणाचा हिशोब ०.६ ने नव्हे, ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने करायचा. त्यामुळे प्रत्यक्ष स्प्रिंग दर मिलिमीटरला १० न्यूटनच्या आसपासची लागते. एकदाच भागून थांबणे ही पहिल्या वर्षाच्या संघाची ठरलेली चूक. त्यांची गाडी डुगडुगत येते आणि पहिल्याच उडीत पोट घासते.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडते. दीड हर्ट्झची गाडी स्वतःच्या वजनानेच चाकापाशी सुमारे ११० मिलिमीटर खाली बसते. एकूण चाल २५० मिलिमीटर असेल तर वर जायला १४० उरतात आणि खड्ड्यात लोंबायला ११०. हे लोंबणे वाया गेलेले अंतर आहे असे समजून ते कमी करण्याचा मोह होतो, कारण गाडी कडक दिसते. पण जमीन खाली गेली तर चाकाला तिच्या मागे जाता आले पाहिजे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत एका बाजूचे चाक उतरले आणि दुसरे वरंब्यावर राहिले, की लोंबणे कमी असलेल्या गाडीचे एक चाक हवेत फिरत राहते.

मागचे टोक पुढच्यापेक्षा थोडे जलद झुलणारे ठेवतात. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणारे इंग्लिश अभियंता मॉरिस ओली यांनी हे दाखवून दिले होते. उंचवट्यावर पुढचे चाक आधी चढते, मागचे नंतर; मागचे टोक जलद असेल तर ते पुढच्याला गाठते आणि गाडी डोलण्याऐवजी सपाट उठते-बसते. शिवाय मागच्या चाकांना इंजिनाची ओढ सांभाळायची असते आणि तिथे मर्यादा सस्पेन्शनची नसून ड्राइव्ह शाफ्टची असते. शाफ्टचा सांधा ठरावीक कोनापलीकडे वाकला की उड्या मारू लागतो, आणि त्याच अवस्थेत चालकाने ॲक्सिलरेटर दाबला तर फुटतो. म्हणून काही संघ मागच्या हाताला नायलॉनचा पट्टा बांधून लोंबणे अडवतात. रिमोटच्या बग्गीत मागची चाके सुमारे ३ अंश आत वळवतात, म्हणजे घसरड्या मातीत शेपूट फिरत नाही. मोठ्या बग्गीत याच्या निम्मेही पुरते, पण बुश झिजले असतील तर मोजून ठेवलेला अंश पहिल्या तासातच कुठल्या कुठे जातो.

शॉकअपचे खरे काम स्प्रिंगला आवर घालण्याचे. तेल भरलेल्या नळीत छिद्रे असलेला पिस्टन फिरतो आणि छिद्रांतून तेल दाबले जाताना उसळीतली ताकद उष्णतेत जिरते. रिमोटच्या १:१० बग्गीत साधारण ३०० ते ५०० सेंटिस्टोकचे सिलिकॉन तेल चालते, आणि खेळाडू पिस्टनच्या छिद्रांची संख्या व व्यास बदलत बसतात. हळू हालचालीत छिद्रे तेल सहज जाऊ देतात. उडीवरून आपटताना मात्र तेलाला वेळ मिळत नाही आणि शॉकअप एकदम दगडासारखा होतो. छिद्र लहान आणि तेल पातळ, किंवा छिद्र मोठे आणि तेल घट्ट, या दोन जुळण्या हाताने दाबून पाहिल्या तर सारख्याच वाटतात, पण उडीत एक कडक होते आणि दुसरी खाली बसते. मोठ्या शॉकअपमध्ये छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांचे थर असतात आणि दाब वाढला की त्या वाकून वाट देतात. तत्त्व तेच.

परतीची चाल, म्हणजे रिबाउंड, जास्त आवळली तर दुसराच घोळ होतो. दगडांच्या रांगेत चाक पहिल्या दगडावर दबते, पुरते खाली येण्याआधी दुसरा दगड, मग तिसरा. प्रत्येक वेळी थोडी थोडी चाल गमावत गाडी खाली बसत जाते आणि शेवटच्या दगडावर पोट टेकते. चालक येऊन सांगतो की स्प्रिंग मऊ आहे. संघ स्प्रिंग कडक करतो आणि गाडी आणखी वाईट चालते. खरे तर रिबाउंडची किल्ली दोन खटके सोडायची होती.

हवेवर चालणारे शॉकअप वजनाला हलके, म्हणून अनेक संघ तेच घेतात. त्यांत हवा हीच स्प्रिंग. सकाळी २० अंशांत भरलेली हवा दुपारी घर्षणाने आणि उन्हाने ५० अंशांवर गेली की दाब दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. सकाळी नीट जुळवलेली गाडी दुपारी उंच आणि ताठ होते. चार तासांच्या शर्यतीसाठी हवा तापलेल्या शॉकअपमध्येच मोजावी.

येथपर्यंतची जुळणी पाना आणि वही हातात घेऊन होते. पुढचे काम धातूचे आहे. खालच्या हातावर शॉकअप मध्येच टेकवला असल्यामुळे चाकावर ३,००० न्यूटनचा दणका आला की शॉकअपच्या टॅबवर ५,००० न्यूटन येतात, आणि हात तिथेच वाकू पाहतो. हात मजबूत करावा हे कुणालाही सुचेल. पण हात मजबूत झाला की दणका हातातून सांगाड्यावरच्या टॅबवर जातो. टॅब मजबूत केला की नळीवर जातो. नळीला तडा गेला तर गाडी ट्रॅकवरून काढावी लागते. दणका नाहीसा होत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. तेव्हा उतरंड ठरवायची: आधी टाय रॉडच्या टोकाचा रॉड एंड वाकावा, मग टाय रॉड, मग हात, आणि टॅब व नळी कधीच नाही. रॉड एंड काहीशे रुपयांचा असतो, दोन पान्यांनी निघतो, आणि बदलणाऱ्या मुलाचा हात बसला असेल तर पाच-सात मिनिटांत गाडी पुन्हा पळते.

रोटाव्हेटर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. त्याच्या यंत्रात शिअर बोल्ट असतो. पात्यांत धोंडा अडकला की बोल्ट तुटतो आणि गिअर वाचतो. तुटणाऱ्या बोल्टऐवजी जास्त कडक बोल्ट लावण्याची हुशारी कुणी केली, तर त्याला गिअरबॉक्स उघडावा लागतो. त्याहून जुने उदाहरण सांगली जिल्ह्यातले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये कारखाना उभा केला तो लोखंडी नांगरांसाठी. आज तो माळ किर्लोस्करवाडी म्हणून ओळखला जातो. नांगराचा फाळ झिजण्यासाठीच असतो आणि झिजला की बदलायचा असतो, बाकी नांगर वर्षानुवर्षे चालतो. फाळ कायमचा जोडलेला असता तर झिजेबरोबर सगळा नांगर गेला असता.

म्हणून सुट्या भागांच्या पेटीत काय ठेवायचे, हाही डिझाइनचाच भाग. डावा आणि उजवा हात एकसारखा ठेवला, म्हणजे उलटा करून दुसऱ्या बाजूला बसेल असा, तर एका सुट्या हातात दोन्ही बाजूंची सोय होते. त्यासाठी शॉकअपचा टॅब आणि बिजागरीचा कल यांत थोडी तडजोड करावी लागते. चार तासांच्या शर्यतीत ही तडजोड फळाला येते.

नमुन्याचे भाग बनवताना पहिला अडथळा संख्येचा असतो. नकल दोनच लागतात, फार तर सुटे धरून चार. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, दिवसाला शेकडो नग काढणाऱ्या कारखानदाराला दोन नगांसाठी मशीन अडवणे परवडत नाही; कटिंगपेक्षा सेटिंगलाच जास्त वेळ जातो. कोणी ओळखीचा रात्रपाळीत, मशीन मोकळे असताना जॉब लावून देतो. त्याच्याकडे जाताना नकलची आखणी अशी हवी की तो दोन सेटिंगमध्ये उरकेल. सहा बाजूंनी कापावा लागणारा, संगणकाने कोरून काढलेला, हाडासारखा दिसणारा नकल पडद्यावर देखणा असतो, पण रात्रपाळीवाला तो हातातही घेत नाही. ड्रॉइंगवर सगळीकडे वीस मायक्रॉनची सूट लिहिलेली पाहून अनुभवी टर्नर विचारतो, यातले खरोखर कुठले हवे आहेत? खरे उत्तर बहुधा बेअरिंगची दोन भोके एवढेच असते.

त्याआधी थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा नकल काढून गाडीवर चढवतात. त्यावर ताकद तपासायची नसते. बोल्टवर पाना फिरतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रिम हाताला लागतो का, ब्रेकची नळी कुठे घासते, एवढेच पाहायचे. धातूत गेल्यावर सापडणाऱ्या दहा चुकांपैकी सात इथेच सापडतात.

प्रत्यक्ष नकल ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढतात. हा धातू पोलादाच्या तोडीचा ताण घेतो, पण नेहमीच्या वेल्डिंगला दाद देत नाही. तडा गेला की नकल गेला. आतले कोपरे धारदार ठेवले तर तडा तिथूनच सुरू होतो. कोपऱ्याला पुरेशी गोलाई देण्याने जे मिळते ते जाडी वाढवून मिळत नाही. बेअरिंग ठोकून बसवू नये. ६० मिलिमीटरचे भोक १०० अंशांनी तापवले तर सुमारे ०.१४ मिलिमीटरने मोठे होते, आणि फ्रिजमधून काढलेले बेअरिंग त्यात हाताने अलगद उतरते. हातोडीने बसवलेले बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करते.

हात मात्र नळीचे, आणि तिथे वेल्डरचा शब्द शेवटचा. सांगली-कराडच्या वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंगला आर्गन म्हणतात आणि मिगला सीओटू. हातासाठी आर्गनच. जाड पत्र्याचा जिग करून त्यावर बुश आणि टोकाचा नट बोल्टने आवळायचे, नळ्यांची तोंडे कानसून एकमेकींत चपखल बसवायची, आधी चारही ठिकाणी टॅक मारायचे, मग आलटून पालटून विरुद्ध बाजूंनी वेल्ड भरायचा. सगळ्यांत जास्त चुका शेवटच्या पायरीत होतात: गरम हात घाईने जिगवरून उतरवला की तो आपल्या मनासारखा वळतो. बिजागरीच्या दोन बुशांतून एक सरळ सळई जात नसेल तर तो हात गाडीवर चढवूच नये. चढतो तो, बोल्ट ठोकून चढवता येतो. पण अडखळतो, आणि चालकाला शॉकअप कडक वाटतो. मग सगळे शॉकअपच्या किल्ल्या फिरवत बसतात.

जुळणीचा कस लागतो तो जमिनीवर, आणि या दोन जिल्ह्यांत जमिनीचे इतके प्रकार आहेत की वेगळ्या ट्रॅकची गरज पडू नये. माण-खटाव, आटपाडी, जतकडे मुरमाड, दगडी माळ. कृष्णाकाठी आणि वारणाकाठी काळी जमीन. मुरमावर गाडी घसरते पण मोकळी राहते. तिथे मऊ स्प्रिंग आणि मोकळा रिबाउंड चालतो. काळ्या मातीला पाटाचे पाणी लागले की ती टायरच्या खाचांत आणि रिमच्या आत भरून बसते. एका चाकावर किलो-दोन किलो चिखल चढला की चाकाकडचे वजन वाढते, दीड हर्ट्झचा हिशोब तसाच राहतो, पण चाक जड झाल्याने शॉकअपला ते आवरत नाही. तिथे रिबाउंड थोडा आवळावा लागतो. सराव साधारण गळीत हंगामातच येतो, आणि शेताकडच्या वाटांवर उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. बग्गीच्या दोन चाकांतले अंतर ट्रॉलीच्या चाकोरीइतके असेल तर गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते आणि सराव फुकट जातो. चालकाने मुद्दाम एक चाक वरंब्यावर ठेवून चालवले, तरच हातांची आणि लोंबण्याची परीक्षा होते.

प्रत्येक फेरीनंतर एकच गोष्ट बदलायची, हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि कुणीच पाळत नाही. वहीत ऊन, जमीन ओली की कोरडी, टायरमधली हवा, शॉकअपचे खटके आणि चालकाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘गाडी पळते’ किंवा ‘गाडी मारते’ असे मोघम वाटणारे शब्दही लिहावेत, कारण दोन महिन्यांनी त्याच चालकाने पुन्हा ‘मारते’ म्हटले की त्याचा अर्थ आकड्यांत सापडतो.

शर्यत संपली की बग्गी पूर्ण खोलतात. हात पुन्हा जिगवर ठेवून पाहतात. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेला हात मोडीत जातो. उरलेल्या हातांचे वेल्ड आणि नकलचे कोपरे साफ करून त्यावर लाल रंगाचे पेनेट्रंट लावतात, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून पांढरा डेव्हलपर फवारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, केसाइतकी बारीक. अशा नकलवर लगेच हॅक्सॉने आडवा काप द्यावा, निदान अर्ध्यापर्यंत. नुसता पेटीत टाकला, तर पुढच्या हंगामात रात्री दोन वाजता सुटा नकल शोधताना कुणी तरी तोच काढून गाडीवर चढवतो.